एकोणतीसचा पाढा, एका दमात

खांबेटे सर पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारत नाहीत. पाढा विचारतात. एकोणतीसचा, आणि तोही एका दमात. मध्ये श्वास घेतलेला त्यांना चालत नाही. कुणी घेतलाच, तर ते हात वर करून त्याला थांबवतात आणि म्हणतात, "कितीवर तुटला?"

समोर कोण आहे याने त्यांना काही फरक पडत नाही. कलकत्त्यातल्या आमच्या संस्थेत नवे संचालक आले तेव्हा सगळे फुलं घेऊन गेले. सर रिकाम्या हातांनी गेले आणि पाढा ऐकून आले. संचालक बंगाली, म्हणून त्यांना बंगालीत म्हणायची सवलत मिळाली. तरी त्यांचा दम पाचाला तुटला. तेव्हापासून सर त्यांना 'आपले पंचे' म्हणतात. "पंच्यांनी मीटिंग बोलावली आहे, तिथे बिस्किटं असतात, तुम्ही जाऊन या," असं ते आम्हाला सांगतात. स्वतः जात नाहीत.

यामागे शास्त्र आहे. एका दमात माणूस किती बोलतो यावरून त्याच्या फुप्फुसाचा बराच अंदाज येतो. त्यासाठी चांगली यंत्रं आहेत, आमच्याकडेही एक आहे, पण सरांचा यंत्रावर विश्वास कमी. "यंत्राला दुरुस्तीवाला लागतो, आणि तो दुर्गापूजेच्या आधी गावी जातो. पाढा कुठे जात नाही."

माझी त्यांची पहिली भेट मुलाखतीत झाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मुलाखतीला वडिलांना घेऊन जायचं नसतं, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. बाबा सुरक्षा दलात हवालदार आहेत, खिदिरपूरच्या गोदीत त्यांची ड्यूटी असते. ते ड्यूटीवरून थेट गणवेशात आले आणि दाराबाहेर उभे राहिले. आत मी पेशींवर रात्रभर पाठ केलेलं सगळं मनात घोळवत होते.

"एकोणतीसचा पाढा," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीच्या खोलीत आले. तरी सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पुढचा आकडा मला इंग्रजीत येत होता, हिंदीत येत होता, बंगालीतही आला असता. मराठीत मात्र येईना. मी लहानपणापासून कलकत्त्यात वाढले. आमची मराठी घरातल्या घरात, भाजी-आमटीपुरती. मी तोंड उघडून उभी राहिले.

"दम आहे, पाढा नाही," सर म्हणाले. "फुप्फुस साताऱ्याचं दिसतंय. शाळा कुठली?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सत्त्याऐंशी!"

बाबा सावधान उभे होते. सरांनी त्यांना नुसतं मानेने खुणावलं, आणि बाबांनी झेंडावंदनाच्या आवाजात पाढा सुरू केला. दाहेपर्यंत गेले. श्वास घेतला नाही. खोलीतल्या इतर दोन परीक्षकांनी खुर्च्या थोड्या मागे घेतल्या. सर उभे राहिले.

"हवालदारसाहेब, तुम्हाला लगेच घेतलं असतं. पण तुमच्याकडे एम.एस्सी. नाही. तेव्हा नाइलाजाने मुलगी पाठवा."

अशी माझी निवड झाली. बाबा अजून नातेवाइकांना सांगतात की पोरीला गुणवत्तेवर घेतलं. कुणाच्या, ते सांगत नाहीत.

आमचं काम काय, हे मी बाबांना जसं सांगितलं तसंच इथे सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आत रोज कचरा साठतो. मोडकीतोडकी प्रथिनं, निकामी झालेले भाग. शहाणी पेशी हा कचरा लहान लहान पिशव्यांत भरते, पचवून टाकते आणि त्यातूनच नवा माल तयार करते. याला ऑटोफॅजी म्हणतात. सर म्हणतात, "पेशी आपलं भंगार आपणच विकते. दारात भंगारवाला येण्याची वाट बघत नाही." पण वर्षानुवर्षं धूर आत गेला की फुप्फुसातली पेशी ताणाखाली येते आणि झाडलोट सोडून देते. कचरा साठत जातो, फुप्फुस थकतं, आणि माणसाला जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. ही झाडलोट औषधाने पुन्हा सुरू करता येईल का, हे सर गेली कित्येक वर्षं शोधत आहेत.

सफाईचा एवढा मोठा अभ्यासक, म्हणून मी पहिल्या दिवशी त्यांचं टेबल आदराने बघायला गेले. त्यावर जुने शोधनिबंध, चहाचे 'भांड' म्हणजे मातीचे कप, मोजे, अर्धी खाल्लेली कचोरी आणि कुठल्या तरी परिषदेतून मिळालेल्या बारा पिशव्या होत्या. त्या टेबलावरची ऑटोफॅजी बंद पडून बराच काळ लोटला होता. मी चुकून एक भांड उचलला.

"ठेवा तो," सर म्हणाले. "त्याच्या खाली काय आहे ते मला माहीत आहे. उचललात तर माहीत राहणार नाही."

सर एकटे राहतात, बागबाजारात, भाड्याच्या दोन खोल्यांत. घरमालक त्यांना 'बर्गी' म्हणतात. बर्गी म्हणजे पूर्वी बंगालवर स्वारी करणारे मराठे घोडेस्वार, ज्यांच्या नावाने इथे अजून पोरांना झोपवतात. सरांना या पदवीचा अभिमान आहे. "आपल्या भीतीने या लोकांनी इथे खंदक खणला होता, जाधवबाई. आज मला दूधवालासुद्धा घाबरत नाही. पाणी घालतो." मी बावीस वर्षांची आहे आणि सर मला जाधवबाई म्हणतात. आधी मला वाटलं मान देतात. मग कळलं की मान द्यायचा असता तर त्यांनी काहीच म्हटलं नसतं.

धूर हा त्यांचा वैयक्तिक शत्रू. उदबत्ती दिसली की ते खिडकी उघडतात, मग ती कुणाच्याही घरातली असो. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना मागच्या रांगेत, पंख्याखाली बसवतात, म्हणजे ते आरतीचा कापूर विझवायला पुढे येत नाहीत. यंदा तिथे बँकेतले कुलकर्णीकाका त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं.

"काय हो डॉक्टर, सोळा तास उपाशी राहिलं की पेशी आतून साफ होतात म्हणे?"

"होतात की. पेशी उपाशी ठेवली की ती स्वतःचा कचरा खायला घेते. हे अगदी खरं."

"बघा! मी आमच्या हिला तेच सांगत होतो."

"पण तुम्ही पेशी नाही, कुलकर्णी. तुम्ही उपासाला साबुदाण्याच्या दोन ताटल्या खाता. तुमच्या पेशींना कळतच नाही की उपास आहे. त्यांना वाटतं लग्न आहे."

काकांनी पुन्हा सरकून मूळ जागा घेतली. काकू मात्र त्या दिवशी सरांना दोन मोदक जास्त वाढून गेल्या.

प्रयोगशाळेत सरांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे "परत". प्रयोग फसला, परत. प्रयोग जमला, तरीही परत. माझ्याबरोबर मौसुमीदी काम करते, ती सरांची जुनी पीएचडी विद्यार्थिनी. ती म्हणते, "या माणसासमोर सूर्य उगवला ना, तरी हे म्हणतील, बरं आहे, उद्या परत करून दाखव." एकदा जमलेल्या प्रयोगाला ते योगायोग म्हणतात. दुसऱ्यांदा जमला तर चूक शोधतात. तिसऱ्यांदा जमला की म्हणतात, "ठीक." त्या 'ठीक'वर मौसुमीदीने रडून घेतलेलं आहे.

आणि रोज सकाळी फोन. सर हातमोजे घालून काम करत असतात, म्हणून फोन समोरच्या खोक्याला टेकवून स्पीकरवर ठेवतात. पलीकडून एका बाईंचा आवाज येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. त्या सरळ पाढा म्हणायला लागतात. सर ऐकतात. पाढा संपला की म्हणतात, "बरं," आणि ठेवून देतात. मी नवीन होते तेव्हा मौसुमीदीने मला गंभीरपणे सांगितलं होतं की हे सरांचं प्रेमप्रकरण आहे, गणिती स्वरूपाचं.

त्या सरांच्या ताई होत्या. कोकणात भाच्याकडे राहतात. हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं, कारण ताई मध्येच पाढा सोडून गप्पा मारायच्या आणि सर चिडायचे.

"मुकुंदा, जेवतोस का रे नीट? तिथे म्हणे भातच भात."

"ताई, पाढा."

"म्हणत्ये रे. चुलीपुढे तुला मी पाढे शिकवले, आता तू माझी परीक्षा घेतोस. फुंकणीने जाळ मी फुंकायची, धूर डोळ्यांत माझ्या जायचा, आणि रडायचास तू."

"एकोणीसचा. एका दमात."

आई लवकर गेली, म्हणून ताई शाळा सोडून चुलीपुढे बसल्या. चूल त्यांनी घरात गॅस येईपर्यंत फुंकली. गॅस आला तेव्हा त्यांना जिन्यात थांबायची सवय झालेली होती. सर ज्या आजारावर काम करतात, तो त्यांच्या ताईंना आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. ताई मात्र रोज विचारायच्या, "झालं का रे तुझं औषध?" सर म्हणायचे, "उंदरांना पटतंय. माणसांचं अजून ठरत नाहीये."

मी आले तेव्हा ताई एकोणीसचा पाढा म्हणत होत्या. पावसाळ्यात तो बाराचा झाला. मग पाचाचा. मला वाटलं, सर रोज नवीन परीक्षा घेतात. मग एक दिवस लक्षात आलं की ज्या दिवशी ताईंचा दम तुटणार, त्याच्या आदल्याच दिवशी सर पाढा बदलतात. म्हणतात, "तोच तोच ऐकून कंटाळा आला. आता बेचा म्हण." संचालकांना एक आकडा माफ न करणारा माणूस. नव्या पाढ्यात ताई दर वेळी दाहेपर्यंत पोचायच्या आणि म्हणायच्या, "बघ! पोचले की नाही!"

दुर्गापूजेच्या सुट्टीआधी आम्ही एक मोठा प्रयोग लावला. रुग्णालयातून परवानगीने आलेल्या, आजारी फुप्फुसातल्या पेशी होत्या. त्या गुलाबी द्रवात वाढतात. तेच त्यांचं जेवण. ते जुनं झालं की पिवळं पडतं आणि बदलावं लागतं. अर्ध्या तबकड्यांत नुसतं ताजं जेवण घालायचं होतं, उरलेल्या अर्ध्यांत ताजं जेवण आणि औषध. पहिल्या अर्ध्या मी आणि मौसुमीदीने सप्तमीला उरकल्या आणि मंडप बघायला पळालो. औषधाच्या तबकड्या सरांनी स्वतःकडे घेतल्या. "तुम्ही जा. मला ढाक-ढोलांच्या आवाजात झोप येत नाही आणि धुनुचीतल्या धुपाच्या धुरात श्वास. इथेच बरा."

दशमी उलटल्यावर आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघितलं. औषधाच्या पेशींत हिरवे ठिपके चमकत होते, सगळीकडे. प्रत्येक ठिपका म्हणजे कचरा भरलेली एक पिशवी. इतक्या आजारी पेशींत झाडलोट सुरू झालेली मी कधी बघितली नव्हती. मौसुमीदी ओरडली. प्रयोगशाळेतले मदतनीस बिमलबाबू यांनी कॅन्टीनमधून मिष्टी आणली. तबकड्या हातात धरून सर, मौसुमीदी आणि मी असा तिघांनी सेल्फी घेतला. सरांनी फोटोला उभं राहणं हीच मोठी घटना होती.

त्याहून मोठी घटना पुढे घडली. सर "परत" म्हणाले नाहीत. ते फोनपाशी गेले, हातमोजेही न काढता ताईंना फोन लावला आणि म्हणाले, "ताई, जमलं."

"काय जमलं?"

"औषध. म्हणजे पेशींना तरी पटलंय."

पलीकडे ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू आली. ते यंत्र सप्तमीपासून ताईंजवळ आलं होतं. मग ताई म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं रे." बस्स.

दुसऱ्या दिवशी मौसुमीदी कौतुकाने तोच सेल्फी सरांना दाखवायला गेली. "सर, बघा, तुम्ही हसताय!" सरांनी फोटो घेतला, चष्मा वर केला आणि बोटांनी मोठा केला. स्वतःचा चेहरा नाही, तबकड्या. माझ्या हातातल्या गुलाबी होत्या. त्यांच्या हातातल्या वरणाच्या पाण्यासारख्या पिवळ्या.

त्यांनी फोन मौसुमीदीच्या हातात परत दिला. मग फ्रीज उघडला. औषधाच्या तबकड्यांसाठी काढून ठेवलेली जेवणाची बाटली तशीच होती, झाकणाची पट्टीसुद्धा तुटलेली नव्हती. सरांनी औषध घातलं होतं, पण जुनं, संपलेलं जेवण बदललंच नव्हतं. पेशी सप्तमीपासून दशमीपर्यंत उपाशी होत्या. उपाशी होत्या म्हणून स्वतःचा कचरा खात होत्या. औषधाने काय केलं, काही केलं की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

सरांनी आम्हाला बोलावलं. संचालकांनाही बोलावलं.

"एका ज्येष्ठ संशोधकाने," ते म्हणाले, "पेशींना नवरात्राचे उपास घडवले आणि त्याला शोध समजून मिठाई खाल्ली. औषध घालताना त्याच्या एका कानाला फोन होता. घरच्यांचा, दवाखान्यातून. कारण वैयक्तिक. पेशीला वैयक्तिक कारणं कळत नाहीत. कुणी विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला कुलकर्ण्यांच्या मंडळात व्याख्यान द्यायला पाठवला असता. प्रयोग रद्द. परत."

संचालक काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. "पंचे, श्वास घ्या आधी," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या प्रयोगाच्या तबकड्या घेऊन आत गेले तेव्हा फोन लागलेला होता. मला परत फिरता आलं असतं. पण तबकड्या दोन्ही हातांत होत्या आणि दार मागे आपोआप बंद झालं होतं. मी तिथेच उभी राहिले.

"ताई, परवा तुला सांगितलं ना, जमलं म्हणून."

"हो रे. मी शेजारच्या नमूलासुद्धा सांगितलं."

"ते जमलं नव्हतं. माझी चूक झाली. पेशींना जेवायलाच घातलं नव्हतं मी. उपाशी होत्या म्हणून तसं दिसलं. औषधाचं काही खरं नाही."

यंत्राची घरघर.

"उपाशी ठेवलंस?" ताई म्हणाल्या. एकेका शब्दानंतर त्या थांबत होत्या. "मुकुंदा, जीव आहे ना रे त्यांना?"

"आहे."

"मग? सणासुदीला उपाशी?"

"चुकलो, ताई."

"आता घातलंस जेवायला?"

"घातलं."

"मग झालं. परत कर."

तो शब्द कुणाचा होता, ते मला तेव्हा कळलं.

"कर्तो," सर म्हणाले. मग, "चल, बेचा."

"आज नको रे. आज तूच म्हण. मी ऐकत्ये."

सरांनी हातातलं काम ठेवलं. खुर्ची ओढून फोनसमोर बसले, शाळेत बसतात तसे. "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक..." आणि थांबले. जोरात श्वास घेतला, फोनच्या अगदी जवळ.

"कितीवर तुटला?" पलीकडून आवाज आला.

"सकाला."

"सकाला? अरे, मी परवा साताला होते!" ताई हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या. "एवढा मोठा डॉक्टर, आणि सकाला! नमू, ऐकलंस का गं? विड्या ओढतोस की काय तिथे?"

"नाही गं. वय झालं."

"फुंकणी पाठवून देऊ का?"

"दे पाठवून. उद्या तू म्हण, बघू कुठवर जात्येस."

"बघशीलच," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सर वळले. मी दिसले. "काय जाधवबाई, तबकड्या थंड करायला आणल्यात की पाढा शिकायला?"

"जेवण घालायचं होतं, सर. पेशींना."

"मग घाला. उभ्या काय राहिलात."

आम्ही शेजारी शेजारी काम करायला बसलो. पिवळा द्रव काढायचा, गुलाबी घालायचा. हाताला लय हवी म्हणून सर नेहमी पुटपुटतात, तसे पुटपुटायला लागले. एकोणतीसचा. दाहेपर्यंत गेले, दोनशे नव्वद झाले, आणि मध्ये श्वास न घेता त्यांनी पुन्हा एकापासून सुरू केला.